चला, कॅमेरा घेऊन माळावर!

सोलापूर म्हटलं की काय आठवतं? चादरी, शेंगाचटणी, कडक भाकरी, गड्ड्याची यात्रा आणि मार्चपासूनच भाजून काढणारं ऊन. ‘जंगलाचे फोटो काढायला जायचंय’ असं सोलापुरात कुणी म्हटलं, तर समोरचा आधी आपल्याकडे नीट बघून घेतो आणि मग विचारतो, ‘म्हणजे ताडोबाला का?’ कारण आपल्या डोक्यात जंगलाचं चित्र पक्कं बसलेलं असतं. उंच झाडं, गर्द सावली, खळाळणारा ओढा आणि झाडीतून डोकावणारा वाघ. माळावर तर यातलं काहीच नाही! असतं ते गुडघाभर गवत, चार बाभळी, दोन बोरी आणि वर आभाळच आभाळ.

पण मैत्रिणींनो, या माळावर फोटो काढायला आणि पक्षी-प्राणी बघायला लोक पुण्या-मुंबईहून रात्रीची गाडी पकडून येतात. बाहेरगावची माणसं बघून जातात आणि आपण मात्र बार्शीला जाताना एसटीच्या खिडकीतून ‘किती उजाड आहे बाई’ म्हणून मान फिरवतो!

विसाव्या मैलाच्या आतलं अभयारण्य

सोलापूर-बार्शी रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज लागतं. इथलं माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. त्या वेळी त्याचा पसारा होता तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, तोही सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांत. शेतं, गावं, रस्ते, बाजारपेठा सगळं त्यात आलं. साहजिकच जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचणी येऊ लागल्या, बांधकामं अडली. ‘एका पाखरासाठी आमची जमीन अडवली’ असा राग लोकांच्या मनात बसला. पुढे अभयारण्याची हद्द कमी करून ती सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. लोकांचा रागही खरा होता आणि पाखराची गरजही खरी होती. ही गोष्ट ठाऊक असली, की माळावर फिरताना एखाद्या शेतकऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या तरी आपल्याला त्या कळतात.

माळढोक म्हणजे जवळजवळ मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा रुबाबदार पक्षी. उडणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. पावसाळ्याच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून ‘हूम्म’ असा घुमारा काढतो, म्हणून जुनी माणसं त्याला ‘हूम’ही म्हणायची. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. घरटं नाही, आडोसा नाही. सोलापूरचे निसर्ग अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकात नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनीही इथे मुक्काम ठोकून त्याचा अभ्यास केला. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली, तेव्हा डॉ. सालिम अली यांनी माळढोकाचं नाव सुचवलं होतं. मान मिळाला मोराला.

आज देशभरात मिळून माळढोक दीडशेच्या आत उरले आहेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. आपल्या माळावर आता एखादा दिसला तर ती बातमी होते. नान्नजला गेलात आणि माळढोक दिसला नाही, तर नशिबाला बोल लावू नका. तो न दिसणं हेच आजचं खरं चित्र आहे.

मग बघायचं तरी काय?

काय नाही ते विचारा! सकाळच्या कोवळ्या उन्हात काळविटांचा कळप उभा असतो. माद्या आणि पिल्लं बदामी रंगाची आणि मधोमध एखादा काळाभोर नर, पिळदार शिंगं मागे टाकून मिरवणारा. कळप बिथरला की एकेक हरीण हवेत अशी उसळी घेतं, की कॅमेऱ्याचं बटण दाबायचं भानच राहत नाही. कधी पिवळ्या गवतात पिवळाच लांडगा दिसतो, नव्हे, तो हलला म्हणूनच दिसतो. खोकड आपल्या बिळाशी ऊन खात बसलेलं असतं.

पक्ष्यांची तर जत्राच. जमिनीवर तुरुतुरु धावणारा धाविक, मातीत मिसळून जाणारी पखुर्डी, आणि डोंबारी नावाचा चिमणीएवढा पक्षी. तो सरळ वर चढतो आणि पंख मिटून खाली सूर मारतो, पुन्हा वर, पुन्हा खाली. हे बघितलं की त्याला डोंबारी का म्हणतात ते सांगावं लागत नाही. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या ससाणे गवतावरून अगदी खालून तरंगत जातात आणि संध्याकाळी झुंडीनं गवतातच मुक्कामाला उतरतात.

हे सगळं नान्नजपुरतं नाही. शहराजवळच्या हिप्परगा तलावावर थंडीत पाहुणे पक्षी येतात. त्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही असतात. शहरातला संभाजी तलाव आणि विजापूर रस्त्यावरचं सिद्धेश्वर वनविहार तर हाकेच्या अंतरावर. सकाळी फिरायला जाताना कॅमेरा बरोबर घेतला तरी पुरे. उजनीच्या फुगवट्यावर, सोलापूर-पुणे महामार्गावरच्या भिगवण परिसरात, हिवाळा सरता सरता पाणी उतरू लागलं की रोहित पक्षी म्हणजेच फ्लेमिंगो जमतात. तिथे मासेमारी करणारे स्थानिक लोकच होडीतून पक्षी दाखवायला नेतात आणि जेवणाचीही सोय करतात. धरणामुळे ज्यांची गावं, शेतं पाण्याखाली गेली, त्या पट्ट्यात पाखरांनी असा थोडा रोजगार आणला आहे.

वाघाचा फोटो आणि पाचशे किलोमीटर

‘फोटो काढून काय मिळतं?’ हा प्रश्न घरात हमखास येतो. त्याचं एक उत्तर आपल्या शेजारीच मिळालं. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला! मराठवाड्याच्या या भागात वाघ? कुणाचा विश्वास बसेना. पण वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. जुन्या फोटोंशी पट्टे जुळवून पाहिले तेव्हा कळलं, की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण वाघ. शेतं, रस्ते, गावं ओलांडत सुमारे पाचशे किलोमीटर चालून आलेला. पुढे बार्शी तालुक्यातही त्याचा वावर आढळला. एका फोटोनं एका जनावराचा सगळा प्रवास उलगडला.

तुमचा-माझा फोटोही असा उपयोगी पडू शकतो. तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवलेला साधा पक्ष्याचा फोटो म्हणजे ‘या माळावर हा पक्षी होता’ याचा पुरावा. उद्या कुणी त्या माळाला ‘पडीक’ म्हणून निकालात काढलं, तर हा पुरावा बोलतो. सरकारी कागदावर माळरान बऱ्याचदा पडीक जमीन असतं. तिथे मग कारखाना येतो, नांगर फिरतो, नाही तर चांगल्या हेतूनं झाडं लावली जातात. झाडं लावणं वाईट कसं, असं वाटेल. पण माळावरच्या पाखराला उघडं गवत लागतं. दूरवर दिसलं नाही, तर त्याला शत्रू कळत नाही. गिरिपुष्पाची दाट रोपवाटिका माळढोकाच्या काय कामाची?

आणि विजेच्या तारा. माळढोकाला दोन्ही बाजूंचं छान दिसतं, पण नाकासमोरचं नीट दिसत नाही. शिवाय अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. तारांना धडकून हे पक्षी मरतात. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखालून नेण्याबाबत २०२१ मध्ये आदेश झाला आणि २०२४ मध्ये त्यात बदल करून न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली. राजस्थानातल्या प्रजनन केंद्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं, ही त्यातल्या त्यात आशेची बातमी. पण पिल्लं वाढवली तरी ती सोडायला माळ हवा ना!

बायका आणि मोठ्या लेन्सा

हे क्षेत्र पुरुषांचं, असं बरीच वर्षं मानलं गेलं. जड सामान, आडवाटा, पहाटे निघणं. पण रतिका रामसामी यांनी हा समज केव्हाच मोडला. तमिळनाडूत वाढलेल्या, संगणक अभियंता असलेल्या रतिकांनी भरतपूरच्या पाणथळीवर पक्ष्यांचे फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढे पूर्ण वेळ हेच काम केलं. आपल्या पनवेलची ऐश्वर्या श्रीधर तर अवघ्या तेविसाव्या वर्षी जगाच्या नकाशावर गेली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०२० मध्ये तिच्या छायाचित्राची निवड झाली. मोठ्यांच्या गटात असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आणि विषय कुठला? वाघ नाही, हत्ती नाही. आपल्या भंडारदऱ्याच्या परिसरातलं काजव्यांनी लखलखलेलं एक झाड! आपल्या आज्या-पणज्यांनी असे काजवे कित्येकदा पाहिले असतील. त्याकडे थांबून बघणारी नजर मात्र ऐश्वर्याची.

आणि नजर म्हटली की आपल्या मारुती चितमपल्लींचं नाव घ्यायलाच हवं. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात नोकरीला लागला आणि उभ्या महाराष्ट्राला त्यानं जंगल वाचायला शिकवलं. सोलापुरातच २००६ मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. वह्या भरभरून त्यांनी नोंदी केल्या. बघावं, थांबावं, लिहून ठेवावं. कॅमेरा हातात घेणारीनंही आधी हेच शिकायचं असतं.

कॅमेरा कुठला घ्यावा?

सगळ्या जणी आधी हेच विचारतात. खरं सांगायचं तर मोठ्या लेन्सच्या किमती ऐकून छातीत धस्स होतं. काही लेन्स दहा लाखांच्या घरात जातात. त्या आपल्यासाठी नाहीत, असं समजा आणि निवांत व्हा. सुरुवातीला लेन्स न बदलावी लागणारा, जास्त झूमचा साधा कॅमेरा पुरतो. वापरलेला, चांगल्या स्थितीतला मिळाला तर आणखी उत्तम. हात बसला, आवड टिकली, की मग ३०० किंवा ४०० मिलीमीटरच्या लेन्सचा विचार करावा. माळाचा, आभाळाचा, पावसाळी ढगांचा फोटो तर मोबाईलवरही सुरेख येतो. त्यासाठी मात्र सूर्य उगवतानाची किंवा मावळतानाची वेळ साधायला हवी.

माळावर ऊन हाच मोठा गुरू. सकाळी साडेआठ-नऊनंतर जमीन तापते, हवा लहरू लागते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी फोटो पाण्यात पडल्यासारखा थरथरीत येतो. ‘माझा कॅमेराच खराब’ म्हणून दुकानात धावू नका. घड्याळ बघा! पळत्या हरणासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका तरी ठेवावा, उडत्या पाखरासाठी त्याच्या दुप्पट. फोकस डोळ्यावर. डोळा स्पष्ट आला की बाकी थोडं इकडे-तिकडे चालतं. आणि उभ्यानं फोटो काढण्यापेक्षा खाली बसून, जमलं तर पालथं पडून काढावा. पाखराच्या डोळ्यांच्या उंचीवर आपण गेलो, की पाखरू फोटोत मोठं होतं. गाडीत असाल तर गाडीतच राहा. प्राण्यांना गाडीची तितकी भीती वाटत नाही, दोन पायांवर चालणाऱ्या माणसाची वाटते.

घर, पहाट आणि लोक काय म्हणतील

लेन्सपेक्षा अवघड असतो तो उंबरठा. सहाला माळावर पोचायचं तर पाचला घर सोडायला हवं. म्हणजे डबा, दूध, पाणी, मुलांची शाळा... आणि वर शेजारच्या काकूंचा प्रश्न, ‘एवढ्या पहाटे पाखरं बघायला?’ देवदर्शनाला पहाटे तीनला निघालं तर कुणी विचारत नाही! यावर उपाय एकच, रविवार ठरवून टाकायचा. महिन्यातून एक रविवार माळाचा. त्या दिवशी चहा-पोहे घरातल्यांनी करायचे. दोन-चार वेळा कुरकूर होते, मग सवय होते. मुलांना बरोबर नेलं तर कुरकूरही उरत नाही. नवऱ्याला गाडी चालवायला नेलं, तर तोच पुढच्या रविवारची चौकशी करतो, असाही अनुभव आहे.

एकटीनं जाऊ नये. भीती जनावरांची नाही. लांडगा आपल्याला बघून आधी पळतो. पण आडरानात गाडी पंक्चर झाली, पाय मुरगळला तर सोबत हवी. तिघी-चौघींनी मिळून गाडी केली की खर्चही वाटला जातो. आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. माळावर आडोसा नसतो, स्वच्छतागृह तर नसतंच. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येते. तसं करू नका. वाटेतल्या पेट्रोल पंपाची, हॉटेलची सोय आधी हेरून ठेवा आणि पाणी पीत राहा.

फोटोची हाव

आता थोडं कडू. या छंदानं माळाचं नुकसानही केलं आहे. पाखरू उडावं म्हणून होडी थव्यात घुसवणं, हरणांमागे गाडी पळवणं, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फसवून बोलावणं, घरट्याजवळच्या फांद्या तोडणं... हे सगळं एका फोटोसाठी. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. त्याची चित्रफीत पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पिल्लं बरोबर असलेल्या आईला पुढून-मागून घेरायचं! आपल्याला कुणी असं घेरलं तर?

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा याबाबत स्पष्ट आहे. वन्य पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कळीत करणं, याला या कायद्यात ‘शिकार’ म्हटलं आहे. हो, शिकार! बंदूक नसली तरी. जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीच्या, धाविकाच्या जवळ आपण उभं राहिलो की आई उठून जाते. भर उन्हात अंडं उघडं पडतं. आपल्याला फोटो मिळतो, तिचं पिल्लू जातं. म्हणून घरट्याचा फोटो काढायचाच नाही, असा नियम आपण आपल्यापुरता करून टाकावा. दुर्मीळ पक्षी दिसला तर नेमकं ठिकाण सगळ्यांना कळवत सुटू नये. वनखात्याला जरूर कळवावं.

चांगला फोटो कुठला? पाखरानं आपल्याला पाहिलं, ओळखलं आणि तरी ते आपलं काम करत राहिलं, तो. त्यासाठी दोन-दोन तास गप्प बसावं लागतं. बायकांना हे जड जाऊ नये. दूध उतू जाईल म्हणून गॅसशी उभं राहणं, पापड वाळेपर्यंत कावळ्यांवर नजर ठेवणं, तापलेल्या लेकराच्या उशाशी रात्र काढणं, हे सगळं आपण करतच आलो आहोत. तीच नजर, तोच धीर फक्त माळावर न्यायचा.

यंदाचा पाऊस सरला, गवत पिवळं पडू लागलं, की निघा. माळढोक दिसेल न दिसेल. पण आपल्या मुलींना तो निदान आपल्या अंगणातला पक्षी म्हणून ठाऊक असू दे आणि त्याचा माळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असू दे. जो माळ पाहिलाच नाही, तो गेला तर त्यासाठी हळहळणार तरी कोण?

निघण्यापूर्वी...

* अभयारण्यात जाण्यासाठी आणि फोटो काढण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. आधी चौकशी करा, शुल्काची पावती जपून ठेवा. ड्रोन अजिबात नको.
* नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुण्या पक्ष्यांचा काळ. रोहित पक्ष्यांसाठी फेब्रुवारी-मार्च बरा.
* कपडे मातकट, खाकी किंवा फिकट हिरवे. लाल-पांढरं नको. साडी किंवा घोळदार सलवारीला कुसळं चिकटतात, जाड सुती पँट आणि बंद बूट बरे.
* डब्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. खराब होत नाही, सांडत नाही! प्लास्टिकच्या पिशव्या परत घरी आणा.
* डोक्याला टोपी, बरोबर पाणी, लिंबू-साखर-मीठ, मोबाईल पूर्ण चार्ज केलेला. कुठे जातोय, कधी परतणार हे घरी सांगून निघा.
* कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी आणि धुळीपासून जपायला जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा.
* एक छोटी वही आणि पेन्सिल. काय पाहिलं, कुठे, किती वाजता. घरी आल्यावर नव्हे, तिथेच लिहा.